मनाची पडझडही दुरुस्त होते



पंचायत समितीचा कृषी विस्तार अधिकारी म्हणून मी आजवर तुमच्याशी बोललो ते बीजप्रक्रियेविषयी, तुरीवरील अळीविषयी, बांधबंदिस्तीविषयी. आजचा विषय शेतातला नाही, घरातला आहे. मोठ्या आघाताने माणसाच्या मनाला जी जखम होते तिच्याविषयी, आणि ती बरी कशी होते याविषयी आज सांगावयाचे आहे. या विषयावर आपण बोलत नाही, आणि बोलत नाही म्हणूनच ही जखम वर्षानुवर्षे घरात मुक्काम ठोकून बसते.

पुस्तकातले सांगण्याआधी माझेच सांगतो. आपल्या रानात पेरून पाहिल्याशिवाय दुसऱ्याला वाण सुचवू नये, हा आम्हा विस्ताराचे काम करणाऱ्यांचा नियम आहे.

ती रात्र

किल्लारीपासून थोड्या अंतरावर आमचे गाव. १९९३ साली मी बी. एस्सी. (कृषी) होऊन नोकरीच्या शोधात घरी होतो. वडील आधीच वारले होते. घरात आई, मी आणि सतरा वर्षांची धाकटी बहीण. २९ सप्टेंबरला गणपतीचे विसर्जन झाले. मिरवणुकीतून उशिरा परतलो आणि घरात उकडते म्हणून अंगणात बाज टाकली. बहिणीनेही आपली वाकळ उचलून बाहेर आणली. मी तिला म्हणालो, "आत जाऊन नीज. मोठी झालीस आता, उघड्यावर निजायचं नसतं." ती थोडी कुरकुरली आणि आत गेली.

पहाटे चारला चार-पाच मिनिटे कमी असताना भूकंप झाला. तुमच्यापैकी ज्यांनी पन्नाशी ओलांडली आहे त्यांना तो आठवत असेल. आमच्याकडची घरे माळवदाची. दोन-दोन, तीन-तीन फूट रुंदीच्या दगडमातीच्या भिंती आणि वर तुळयांवर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात थंडगार लागणारी ती घरे बघता बघता खाली बसली. लातूर आणि त्या वेळचा उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत हजारो माणसे झोपेतच गेली.

आईला आम्ही ढिगाऱ्यातून काढले. तिचा पाय मोडला होता, पण जीव वाचला. बहीण सापडली ती दुपारी. त्याविषयी अधिक लिहीत नाही.

शिस्तीचे साहेब

पुढे पत्र्याच्या शेडमध्ये दिवस काढले. मग नव्या जागी वसवलेल्या गावात घर मिळाले. मला नोकरी लागली, लग्न झाले, मुलगी झाली. लोकांच्या दृष्टीने माझे सारे ठीक चालले होते. पण मी सिमेंटच्या स्लॅबखाली झोपू शकत नव्हतो. उन्हाळा असो की थंडी, माझी बाज अंगणात. पावसाळ्यात पुढच्या पत्र्याखाली. रात्री रस्त्याने भरलेला ट्रक गेला आणि जमीन जराशी हादरली की मी उठून उभा. विसर्जनाच्या दिवशी ढोल वाजू लागला की काहीतरी काम काढून गावाबाहेर. रोज पहाटे पावणेचारला डोळा उघडायचा आणि मग झोप नाही. लोक म्हणत, "साहेब पहाटे उठतात, मोठे शिस्तीचे आहेत." मीही हसून मान हलवीत असे.

बहिणीचे नाव मी वीस वर्षांत एकदाही घेतले नाही. आईनेही घेतले नाही. तिचा एकुलता एक फोटो ट्रंकेच्या तळाशी होता. मी तिला आत पाठवले, हे मी कोणालाही सांगितले नव्हते. पत्नीलासुद्धा नाही.

२०१३ साली माझी मुलगी दहावीला होती. रात्री बारापर्यंत अभ्यास करून ती घरात झोपे. मी पहाटे पावणेचारला उठे, आत जाऊन तिला हलवून उठवी आणि हाताला धरून अंगणात आणी. हे रोजचेच झाले होते. डिसेंबरच्या कडाक्याच्या थंडीत एका पहाटे ती रडत म्हणाली, "बाबा, मला घराची भीती नाही वाटत. मला तुमची भीती वाटते."

सकाळी पत्नी म्हणाली, "अहो, आज रजा टाका. आपल्याला दवाखान्यात जायचंय."

मी चिडलो. "मी काय वेडा झालोय?"

ती शांतपणे म्हणाली, "वेडे असता तर मला कधीच कळलं असतं. तुम्ही दुखणेकरी आहात. वीस वर्षांचं दुखणं आहे, मी रोज बघते."

त्या एका वाक्याने मी गाडीत बसलो.

ही जखम म्हणजे काय?

आता थोडे शास्त्र समजून घेऊ. धोका आला की मेंदू शरीरात धोक्याची घंटा वाजवतो. छाती धडधडते, हातपाय ताठतात, डोळे विस्फारतात. साप दिसल्यावर आपण विचार करण्याआधीच उडी मारतो, ती या घंटेमुळे. धोका टळला की घंटा थांबते आणि माणूस निवांत होतो. पण आघात फार मोठा असला तर काही जणांची घंटा थांबतच नाही. प्रसंग सरून वर्षे जातात, पण मेंदूला वाटते तो आत्ताच चालू आहे. मग तसाच आवाज, तसाच वास, तीच तारीख आली की शरीर पुन्हा त्या रात्रीत जाऊन उभे राहते. यात मनाचा दुबळेपणा नाही, की वेडही नाही. चांगल्या धट्ट्याकट्ट्या, हिमतीच्या माणसांनाही हे होते. किल्लारीच्या भूकंपानंतर मनोविकारतज्ज्ञांनी वाचलेल्यांपैकी काही जणांना तपासले, तेव्हा त्यांतील निम्म्याहून अधिक जणांत मानसिक आजाराची लक्षणे आढळली होती.

असा आघात भूकंपानेच होतो असे नाही. विहिरीत बुडालेले मूल, मळणी यंत्रात गेलेला हात, मोटारीचा शॉक लागून डोळ्यांदेखत गेलेला भाऊ, वीज पडणे, पुरात वाहून गेलेली दावण, कर्जापायी कर्त्या माणसाने जीव देणे, स्त्रीवर किंवा लेकरावर झालेला अत्याचार, घरात वर्षानुवर्षे चाललेली मारहाण. यातले काहीच घडलेले नाही असे गाव मला दाखवा.

आपल्या घरातल्या माणसाला अशी जखम आहे हे कसे ओळखावे? पुढील खुणा लक्षात ठेवा.

१. तोच प्रसंग स्वप्नात किंवा जागेपणी पुन्हा पुन्हा समोर येणे. झोपेतून ओरडत उठणे.

२. त्या जागी, त्या वाटेने, त्या माणसांकडे जाणे टाळणे. तो विषय निघाला की उठून जाणे.

३. साध्या आवाजाने दचकणे, सतत सावध राहणे, क्षुल्लक कारणावरून भडकणे.

४. कशातच गोडी न वाटणे, आपल्याच माणसांत परक्यासारखे वाटणे, "माझ्यामुळेच झाले" हा विचार न सुटणे.

५. लहान मुलांत अंथरूण ओले करणे, आईला चिकटून राहणे, खेळातही तोच प्रसंग पुन्हा पुन्हा खेळणे, शाळेचे नाव काढले की पोट दुखणे.

आघातानंतर पहिले काही दिवस किंवा आठवडे असे होणे स्वाभाविक आहे. बहुतेक माणसे आपल्या माणसांच्या आधाराने हळूहळू सावरतात. मात्र महिना उलटला तरी या खुणा कमी होत नाहीत, कामधंदा आणि संसार अडू लागला, तर वैद्यकीय मदत घ्यावी. मी महिना नव्हे, वीस वर्षे घालवली. तुम्ही घालवू नका.

वर्षानुवर्षे एकाच खोलीवर नांगरट केली की खाली कठीण थर बसतो, हे तुम्ही जाणता. वरून रान भुसभुशीत दिसते, पण पाणी खाली मुरत नाही आणि मुळ्या खोल जात नाहीत. वरून युरिया कितीही टाका, पीक पिवळेच राहते. माझे तसेच झाले होते.

उपचारात काय करतात?

मानसोपचार म्हटले की आपल्याकडे साखळदंड आणि विजेचे झटके डोळ्यांसमोर येतात. प्रत्यक्षात काय झाले ते सांगतो, म्हणजे तुमची भीती जाईल.

जिल्ह्याच्या रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञांनी मला झोप, भूक, राग, दारू याविषयी विचारले. जीव द्यावासा वाटतो का, हेही स्पष्ट विचारले. एक गोळी लिहून दिली. "हिचा गुण यायला काही आठवडे लागतील. बरे वाटले म्हणून आपल्या मनाने बंद करायची नाही," असे बजावले. गोळी सर्वांनाच लागते असे नाही. आणि दुकानातून आपल्या मनाने झोपेच्या गोळ्या आणून खाणे हा तर उपचारच नव्हे. त्याने सवय मात्र लागते.

मग त्यांनी मला समुपदेशक ताईंकडे पाठवले. वयाने त्या माझ्याहून लहान. आठवड्यातून एकदा, तासभर, अशा चौदा खेपा मी घातल्या. पहिल्या दोन-तीन वेळा त्यांनी त्या रात्रीविषयी काहीच विचारले नाही. छाती धडधडू लागली की काय करावे ते शिकवले. श्वास नाकाने सावकाश घ्यावा आणि त्याहून अधिक सावकाश सोडावा. पाय जमिनीला टेकवून समोरच्या पाच वस्तूंची नावे मनात घ्यावीत, म्हणजे मन आजच्या दिवसात परत येते. साधी गोष्ट आहे, पण सरावाने उपयोग होतो.

चौथ्या खेपेला मी ती रात्र सांगितली. वीस वर्षांत प्रथमच. वाकळ, बाज आणि माझे ते वाक्य, सारे सांगितले. ताईंनी मला "रडू नका" असे म्हटले नाही. मी थांबल्यावर त्यांनी विचारले, "भूकंप होणार हे तुम्हांला ठाऊक होते का?"

"नाही."

"मग बहिणीला आत कशासाठी पाठवलेत?"

"काळजी म्हणून."

"म्हणजे तुम्ही तिला तुमच्या समजुतीप्रमाणे सुरक्षित जागी पाठवलेत. एखाद्या शेतकऱ्याने वेळेवर पेरणी केली आणि पुढे पावसाने महिनाभर दडी मारली, तर तुम्ही त्याला 'तू पीक मारलेस' असे म्हणाल का?"

मी उत्तर दिले नाही. पण त्या आठवड्यात रानातून फिरताना तोच प्रश्न मनात घोळत राहिला.

त्यानंतर भीतीशी हळूहळू ओळख करून घेण्याचे काम सुरू झाले. पहिल्या आठवड्यात दिवसा, दार उघडे ठेवून, स्लॅबखाली दहा मिनिटे नुसते बसायचे. मग अर्धा तास. मग दुपारी तिथेच पडायचे. मग रात्री दाराजवळ बाज टाकायची आणि बाराला बाहेर जायचे. भीती चढली तरी लगेच पळायचे नाही. ती उतरेपर्यंत थांबायचे. नव्या बैलाला एकदम औताला जुंपत नाहीत. आधी हात लावू देतो का पाहतात, मग जू मानेवर ठेवून फिरवतात. तसेच हे. नवव्या-दहाव्या आठवड्यात मी पहिल्यांदा पूर्ण रात्र घरात झोपलो.

आघाताच्या आठवणीवरच असे नेमके काम करणारे बोलण्याचे उपचार आज जगभर वापरले जातात आणि त्यांचा गुण येतो, हे अभ्यासांतून दिसून आले आहे. साधारणपणे आठ ते सोळा खेपा लागतात. जुने किंवा लहानपणापासूनचे दुखणे असेल तर अधिक लागतात. एका खेपेत बरे करतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नये.

देवधर्म करण्यास माझी हरकत नाही. देवळात जाऊन मन शांत होत असेल तर जरूर जावे. पण "बाहेरची बाधा" म्हणून आजारी माणसाला, विशेषतः सुनेला किंवा लेकीला, मारहाण करणे, उपाशी ठेवणे, डांबून ठेवणे हे उपचार नव्हेत. महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तो गुन्हा आहे. दारू हेही औषध नव्हे. ती तासभर विसर पाडते आणि दुसऱ्या दिवशी राग, झोप आणि भीती तिन्ही बिघडवते.

घरची माणसे निम्मे औषध

ताईंनी पहिल्याच दिवशी पत्नीला आत बोलावून सांगितले होते, "तासभर ते माझ्याकडे, उरलेला आठवडा तुमच्याकडे." उपचार आणि आपले माणूस ही गाडीची दोन चाके आहेत. एकाने गाडी चालत नाही.

आमच्या भागात ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. रस्ते रुंद झाले, घरे मजबूत झाली, हे चांगलेच झाले. पण जुन्या गल्लीत भिंतीला भिंत होती. अर्धी भाकरी आणि अर्धे दुःख त्या भिंतीवरूनच पलीकडे जात असे. नव्या गावात शेजार विखुरला आणि माणसे आपापल्या चौकटीत बसून राहिली. पुढे घरदुरुस्तीच्या कार्यक्रमात महिला मंडळांच्या बायकांना संवाद सहायक म्हणून नेमले, तेव्हा त्या घरोघर जाऊ लागल्या, बैठकांना बसू लागल्या. सिमेंट-वाळूच्या हिशोबाला जमलेल्या बायका बैठक संपल्यावर उठत नसत, असे आई सांगे. भारतीय जैन संघटनेने या भागातील बाराशे मुलांना शिक्षणासाठी पुण्यास नेले. शाळेची घंटा, वेळेवर जेवण, सोबतीला मुले आणि लक्ष देणारे मोठे माणूस, हे मुलांच्या मनालाही औषधच असते.

जवळच्या माणसाने काय करावे ते थोडक्यात सांगतो.

ऐकावे. बोलेल तेव्हा ऐकावे, बोलत नसेल तर नुसते शेजारी बसावे. ताज्या आघातानंतर "नेमके काय झाले, पहिल्यापासून सांग" असे खोदून विचारू नये. भेटीला येणाऱ्या प्रत्येकाला तीच कथा सांगायला लावणे ही तर शिक्षाच आहे. त्यापेक्षा पाणी, जेवण, कोरडे अंथरूण, गुराढोरांची वैरण बघावी. त्याला काय हवे ते विचारावे, आणि जिथे मदत मिळेल तिथे सोबत न्यावे.

"झालं गेलं विसरून जा", "तुझ्यापेक्षा मोठी दुःखं लोकांनी सोसली", "पुरुषासारखा पुरुष असून रडतोस?" ही वाक्ये सांत्वनाची वाटतात, पण ती माणसाचे तोंड बंद करतात. त्याऐवजी "मी आहे, तुला वाटेल तेव्हा बोल" एवढे म्हणावे आणि खरोखर असावे.

रोजचा क्रम मोडू देऊ नये. ठरल्या वेळी उठणे, धार काढणे, शेतावर एक फेरी, सर्वांनी मिळून जेवण. तसेच शब्द पाळावा. संध्याकाळी येतो म्हटले तर यावे. ज्याच्या पायाखालची जमीनच एकदा सरकली आहे, त्याला भरवशाची माणसे हीच नवी जमीन असते.

आणि एक कठोर गोष्टही सांगितली पाहिजे. जखम देणारा माणूस घरातच असेल, तर "जुळवून घे" हा सल्ला पाप आहे. मार चालू असताना मन बरे होत नाही. आधी मार थांबला पाहिजे. अशा वेळी स्त्रियांसाठी १८१ आणि मुलांसाठी १०९८ हे मदतीचे क्रमांक आहेत. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा कायदा २००५ सालचा आहे. माहेरच्यांनी लेकीसाठी दार उघडे ठेवावे. ज्या नात्यात भीती नाही, ज्यात "नाही" म्हणता येते आणि चूक झाली तर माफी मागता येते, ते निरोगी नाते. आघात झालेल्या माणसाला असे एक जरी नाते मिळाले, तरी तो पुन्हा माणसांवर विश्वास ठेवायला शिकतो.

मीही मुलीची माफी मागितली. बापाने लेकीची माफी मागण्याची आपल्याकडे रीत नाही. पण मागितली. ती काही बोलली नाही; उठून चहा करून आणला. दोघांनी मिळून घेतला.

आईची हाक

ताई म्हणाल्या होत्या, "हे घरात कोणाला सांगावेसे वाटते का, विचार करा. घाई नाही." २०१४ च्या उन्हाळ्यात एका दुपारी आई सुपात ज्वारी निवडत बसली होती. मी शेजारी बसलो आणि सांगून टाकले. "आई, त्या रात्री ती बाहेर निजणार होती. मीच तिला आत पाठवलं."

आईचे हात थांबले. बराच वेळ ती सुपाकडेच पाहत राहिली. मग म्हणाली, "तू नव्हं रं बाबा. मी हाक मारली तिला. माझ्याजवळ येऊन पड, म्हणलं. तू बोलायच्या आधीच मारली होती. ती तुझ्या बोलण्यानं नाही आली, माझ्या हाकेनं आली."

आणि मग, "इतकी वर्सं मला वाटतंय, मी हाक मारली नसती तर."

बंधू-भगिनींनो, एकाच चुलीवरची भाकरी खाणारी आम्ही दोन माणसे वीस वर्षे तेच ओझे वेगवेगळे वाहत होतो. ती मला दुखवायचे नाही म्हणून गप्प, आणि मी तिला दुखवायचे नाही म्हणून गप्प. त्या दुपारी आम्ही दोघे पोटभर रडलो. नंतर आईनेच ट्रंक उघडून फोटो काढला. माझी मुलगी शिकवणीहून आली आणि तिने विचारले, "ही कोण?" पंधरा वर्षांच्या मुलीला आपल्या आत्याचा चेहराच ठाऊक नव्हता. आईने तिला जवळ बसवून सांगितले, आत्याला चिंचा किती आवडत, ती भांडखोर कशी होती. मुलगी म्हणाली, "माझ्यासारखीच की!" त्या घरात कित्येक वर्षांनी बहिणीच्या नावाने कोणी हसले.

फोटो आता भिंतीवर आहे. आई पुढे पाच वर्षांनी गेली. मी आजही कधी कधी पावणेचारला जागा होतो, विशेषतः सप्टेंबरच्या शेवटी. मग उठून पाणी पितो, घरातली माणसे झोपलेली पाहतो आणि पुन्हा येऊन पडतो. व्रण आहे, पण तो ठणकत नाही. बरे होणे म्हणजे विसरणे नव्हे, एवढे मला कळले आहे.

मदत कोठे मिळेल?

प्रत्येक गावात आशा ताई येतात. त्यांना किंवा उपकेंद्रातील आरोग्यसेविकेला संकोच न करता सांगा. त्या प्राथमिक आरोग्य केंद्राचा आणि जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागाचा रस्ता दाखवतील. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम ही सरकारी सोय आहे. तिच्यासाठी सावकाराकडे जाण्याची गरज नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने हा उपचार मिळणे हा प्रत्येक नागरिकाचा हक्क ठरवला आहे.

दवाखाना दूर असेल तर टेलिफोन जवळ आहे. १४४१६ हा 'टेली मानस' या सरकारी सेवेचा क्रमांक आहे. ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. रात्री-अपरात्री केव्हाही लावावा. पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते. हा क्रमांक खडूने गोठ्याच्या दारावर किंवा पंचांगाच्या पानावर लिहून ठेवा.

कोणी "आता जगण्यात राम नाही", "माझ्यामागे तुमचे बरे होईल" असे बोलू लागला, तर ते सहज बोलणे समजू नका. त्याला एकटे सोडू नका. "जीव द्यावासा वाटतो का?" असे सरळ विचारा, विचारल्याने तो विचार डोक्यात येत नाही, उलट मन मोकळे होते. कीटकनाशकाचे डबे घरातून हलवून कुलपात ठेवा. हे तर मी एरवीही सांगतोच. आणि त्याच दिवशी मदत घ्या.

शेवटी एक विनंती. आज रात्री जेवणे झाल्यावर आपल्या घरातल्या त्या एका माणसाकडे पाहा, जो फार गप्प असतो, किंवा फार चिडतो, किंवा फार पहाटे उठतो. त्याच्या शेजारी जाऊन बसा. माझ्या पत्नीने ज्या शांतपणे विचारले तसे विचारा. कोण जाणे, तुमच्याही घरात दोन माणसे एकच ओझे वेगवेगळे वाहत असतील.

पुढच्या वेळी पुन्हा शेतीविषयी बोलू.